सगळ्या हेडसेटची डावी बाजू

“डावीकडे, आई, डावीकडे!” लेक ओरडली, पण तोवर उशीर झाला होता. घारबाई उजवीकडे वळली, बॅटरीचा झोत टाकला, तर समोर नुसती भिंत. मागून आलेल्या केसाळ जनावराने तिला एका झडपेत आडवं केलं आणि कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला.

“परत मेलीस,” लेक म्हणाली. ती होती दूरच्या शहरात, भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या कन्सोलपुढे; पण आवाज यायचा अगदी कानाशी बसून बोलल्यासारखा.

“मी कुठली मरतेय! या हेडसेटने मारलं मला. याची डावी बाजू गेलीय. उजवीकडे बाजार भरलाय आणि डावीकडे स्मशान.”

“मग नवा घे ना, आई. किती दिवस तेच रडगाणं?”

घारबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. जहाजदुरुस्तीच्या गोदीत ती सगळ्यात उंच क्रेन चालवायची. खाली कोणी पिवळ्या रेषेच्या आत चुकून जरी पाऊल टाकलं, तरी वरच्या काचेच्या केबिनमधून भोंगा वाजायचाच. ‘बाईची नजर घारीची आहे’ असं कोणीतरी म्हणालं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पन्नाशी ओलांडली होती, पण हात असा स्थिर की तिने उतरवलेलं इंजिन जमिनीला टेकलं तरी आवाज होत नाही, असं गोदीतले लोक सांगायचे. हे थोडं तिखटमीठ लावून सांगितलेलं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

लेक कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून दूर गेली, तेव्हा मायलेकींचं फोनवरचं बोलणं फार लवकर सुकलं. जेवलीस? हो. झोप झाली? हो. बरं, ठेवते. मग एकदा सुट्टीवर आलेली असताना लेकीने तिला हा खेळ शिकवला. ओसाड पडलेल्या कारखान्यातून दोघींनी वाट काढायची, आणि पाऊल वाजलं की कान टवकारायचे, कारण जनावर दिसण्याआधी ऐकू येतं. खेळता खेळता लेक सगळं बोलायची. साहेब कसा खडूस आहे, शेजारीण कशी चहाला बोलावून डोकं खाते, कोणाचे दात कसे निघाले. घारबाईला जनावरांचं काही सोयरसुतक नव्हतं. तिला ते बोलणं हवं होतं.

नवरा गाडी शिकवायचा. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. त्याची इतकी सवय झालेली की दुसऱ्या कोणाच्याही गाडीत बसला, तरी त्याचा पाय आपोआप जमीन दाबायचा. सगळे त्याला मास्तरच म्हणत. संध्याकाळी टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर तो गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचा आणि कायम शेवटून पहिला यायचा. “पण गाडीवर एक ओरखडा दाखव,” असं वर ऐकवायचा.

बसायची खोली एकच. त्याच्या गाड्यांची घरघर आणि तिच्या जनावरांची गुरगुर यांची रोज खिचडी व्हायची. शेवटी ठरलं की एकच चांगला हेडसेट आणायचा, बिनवायरचा, कॉम्प्युटरलाही चालेल आणि कन्सोललाही. ज्याची पाळी, त्याच्या डोक्यावर. जुन्याची वायर खुर्चीच्या चाकाखाली येऊन येऊन पार चेंगरली होती. डावी बाजू त्यामुळेच गेली, याबद्दल घारबाईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

दुकानात एका भिंतीवर प्लास्टिकची मुंडकी ओळीने बसवलेली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक हेडसेट. विक्रेतीण ठेंगणी, चष्मेवाली, बोलायला अगदी चटपटीत. कन्सोल कुठला आहे ते तिने आधी विचारून घेतलं.

“मग नुसत्या ब्लूटूथवाल्याच्या नादी लागू नका,” ती म्हणाली. “त्यात आवाज मागाहून पोचतो. जनावर आधी चावतं आणि मग गुरगुरतं. हा बघा, याच्यासोबत एवढासा यूएसबीचा तुकडा येतो. खेळायच्या वेळी कॉम्प्युटरला लावा, नाहीतर कन्सोलला. याच्या कडेला खटका आहे, तो तेवढा फिरवायचा. पण सगळे तुकडे सगळ्या कन्सोलला चालत नाहीत हं, डब्यावर बघूनच घ्यायचं.”

मास्तर खूश झाला. खटका म्हटल्यावर त्याला गिअर बदलल्यासारखं वाटलं असावं. त्याने लगेच वजन किती, चार्जिंग किती टिकतं, चष्म्यावर घट्ट बसतो का, अशी सरबत्ती सुरू केली.

“आधी ऐकून तर बघा,” म्हणत विक्रेतिणीने एक हेडसेट घारबाईच्या डोक्यावर चढवला. “आता एक माणूस घंटी वाजवत तुमच्याभोवती फेरी मारेल. डोळे मिटा.”

घारबाईने डोळे मिटले. घंटी समोरून आली, उजव्या खांद्यापाशी गेली, मागे वळली आणि विझल्यासारखी झाली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा समोर.

“याची डावी बाजू बिघडलीय,” ती म्हणाली.

विक्रेतिणीने तो स्वतःच्या कानांना लावला. “चालतेय की हो.”

“मग सैल असेल. दुसरा द्या.”

दुसरा दिला. घंटी उजवीकडून मागे गेली आणि विझली. तिसरा जाड गाद्यांचा, महागातला. तीच गत. घारबाईला आता राग येऊ लागला होता. “सगळे वापरून वापरून खिळखिळे झालेत तुमचे,” ती म्हणाली. “रोज शंभर लोक ओढाताण करत असतील.”

“नवा कोरा फोडते, मग तर झालं?” विक्रेतीण आत गेली, एक डबा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर पट्टी कापून तिने हेडसेट बाहेर काढला. नव्या प्लास्टिकचा वास येत होता. घारबाईने तो दोन्ही हातांनी नीट बसवला, डोळे मिटले.

समोर. उजवीकडे. मागे. आणि मग काही नाही.

तिने डोळे उघडले. विक्रेतीण आशेने बघत होती. घारबाईने हेडसेट काढून नवऱ्याला दिला.

मास्तरने तो घातला. त्याचे डोळे उघडेच होते, आणि ते घंटीमागे फिरायला लागले. आधी उजवीकडे. मग मान किंचित मागे. मग डोळे सरकत सरकत डावीकडे आले, तिथे रेंगाळले, आणि समोर येऊन तिच्या चेहऱ्यावर थांबले. तो एकदम हलायचा बंद झाला.

घारबाईने त्याच्या डोक्यावरून हेडसेट काढून घेतला आणि उलटा घातला. उजवी बाजू डाव्या कानावर, डावी बाजू उजव्या कानावर. घंटी निघाली. आता फेरीच्या ज्या टप्प्यात ती मघाशी विझत होती, त्याच टप्प्यात उजव्या कानात स्वच्छ वाजत होती, आणि मघाशी वाजत होती त्या टप्प्यात सगळं सामसूम. हेडसेटची डावी बाजू ठणठणीत होती. जुन्याचीही असणार.

“काय झालं?” विक्रेतिणीने विचारलं. “आवडला नाही का?”

“रंग नाही आवडला,” घारबाई म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

घरी आल्या आल्या तिने न्हाणीघराचं दार लावून घेतलं, नळ पूर्ण सोडला आणि पाण्याची धार बादलीत कोसळू दिली. डाव्या कानावर तळहात दाबला. धार तशीच आदळत राहिली. मग डावा मोकळा सोडून उजवा दाबला, आणि कोणीतरी बाहेरून दार ओढून घ्यावं तसा आवाज दूर गेला. समोर बादली भरून वाहत होती, पाणी पायांवर येत होतं, आणि तिला ते नीट ऐकू येत नव्हतं. तिने तळहात काढला, पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मग तिने नळ बंद केला.

बाहेर आली तेव्हा मास्तर दाराशीच होता.

“मुकादमाला सांगणार आहेस ना?” त्याने विचारलं.

“काय सांगू? दुकानात घंटी ऐकू आली नाही म्हणून?”

“अगं...”

“परवा पंखा चढवायचाय. मोठ्या जहाजाचा. तो होऊ दे, मग बघू. वॉकीटॉकी तर माझा उजव्याच कानाला असतो. डाव्या कानाला तिथे कामच नाही.”

“आणि शिट्टी?”

गोदीचा नियम तिनेच त्याला कधीकाळी कौतुकाने सांगितला होता. इशारा एकाच माणसाचा मानायचा, पण थांबण्याची शिट्टी कोणाचीही. झाडूवाल्याने वाजवली तरी क्रेन जागच्या जागी थांबली पाहिजे. आणि शिट्टी काही वॉकीटॉकीतून येत नाही. ती केबिनच्या झरोक्यांतून येते, कुठल्याही बाजूने.

“माझ्याकडे असं कोणी शिकायला आलं असतं,” मास्तर हळूच म्हणाला, “तर मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो असतो. तुझ्या केबिनमध्ये दुसरा ब्रेक नाही गं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” तिने एकदम विचारलं.

“नाही. पण...” तो घुटमळला. “गेल्या कित्येक महिन्यांत तू रस्त्याने माझ्या डाव्या हातालाच चालतेस. मी बाजू बदलली की तूही बदलतेस. मला वाटलं, सवय लागली असेल.”

“वाटलं! आणि बोलला नाहीत?”

“तुला तरी कुठे कळलं होतं?”

यावर ती भडकली. त्या संध्याकाळी जे भांडण झालं, तसं पंचवीस वर्षांच्या संसारात झालं नव्हतं. तिने त्याच्या शेवटून पहिल्या येण्याचा उद्धार केला, त्याने तिच्या हेकटपणाचा. शेवटी मास्तर थकून म्हणाला, “मी जाऊन कोणाला सांगणार नाही. ते मला शोभणार नाही. तुझं तू सांग.” त्याने फोन करायची धमकी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. आता सगळं तिच्याच गळ्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाच्या खोलीपर्यंत गेलीही. तो टेबलावर नकाशा पसरून कोणाशी तरी फोनवर बोलत होता. तिला पाहून त्याने हाताने ‘ये, बस’ म्हणून खूण केली आणि फोनमध्ये म्हणाला, “छे छे, काळजीच नको. वर घारबाई आहे आमची. मी निर्धास्त आहे.” फोन ठेवून त्याने विचारलं, “बोल, काय काम काढलंस?”

“काही नाही,” ती म्हणाली. “उद्या पंखा उचलायचे पट्टे तपासलेत का, विचारायला आले होते.”

“तपासले.”

“बरं.”

पंखा चढवायच्या दिवशी हवा स्वच्छ होती, वारा नावाला नव्हता. जहाज सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या त्या प्रचंड खड्ड्यात, टेकूंवर उभं होतं. काठावर लाकडी ओंडक्यांवर जहाजाला पाण्यातून पुढे ढकलणारा नवा पितळी पंखा आडवा ठेवलेला, चार पात्यांचा. एकेक पातं माणसापेक्षा उंच. तो उचलायचा, खड्ड्यावरून पलीकडे न्यायचा आणि जहाजाच्या शेपटीपाशी हळूहळू उतरवायचा. तिथे फळ्यांच्या माचीवर पंखा बसवणारे जोडारी उभे असणार. त्यांच्या आणि पंख्याच्या मध्ये फार तर हातभर जागा.

सकाळी तिने मोकळा हूक एकदा सगळ्या वाटेवरून फिरवून पाहिला. हात नेहमीसारखाच होता. तिला जरा धीर आला. उगीच घाबरतो आपण, ती मनाशी म्हणाली. मग पट्टे अडकवले, आणि वॉकीटॉकीतून इशारेवाल्याचा ओळखीचा घोगरा आवाज आला. हा माणूस इतकी वर्षं तिच्याबरोबर होता की तो श्वास कसा घेतो यावरून पुढचा शब्द तिला कळायचा.

“घे वर. घे. घे... थांब. छान. आता पुढे.”

पंखा ओंडक्यांवरून सुटला आणि उन्हात हळूच फिरला. शेजारच्या जहाजावर गंज खरवडायची यंत्रं चालू होती. त्यांचा खरखराट केबिनमध्ये भरून राहिला होता. घारबाईने भार खड्ड्यावर आणला. खाली माचीवरचे लोक माना वर करून बघत होते.

“ये. ये. खाली, सावकाश. ये...”

आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

वाजली का? तिने क्रेनचा दांडा मध्यावर आणला. भार थबकला, किंचित झुलला.

“का थांबलीस, बाई?”

“शिट्टी झाली?”

“नाही. ये खाली.”

“नक्की?”

“अगं, मी इथे उभा आहे. नाही झाली. ये.”

घारबाईने दांड्यावर हात ठेवला, पण हात पुढे जाईना. खरखराटात शिट्टीसारखं काहीतरी होतं, किंवा नव्हतं. उजवीकडून आलं होतं, की कुठूनच नाही? पूर्वी असा प्रश्नच पडत नसे. ऐकू यायचं, आणि ते कुठून आलं हे त्याबरोबरच कळायचं. आता तिने एकेक माणूस डोळ्यांनी धुंडाळला. माचीवरचे, काठावरचे, शिडीवरचा एक. कोणाच्या तोंडात शिट्टी नव्हती. पण जहाजाच्या पलीकडच्या अंगाला, डावीकडे, जिथे नजर पोचत नाही, तिथे कोणी असलं तर? तिथला माणूस छाती फुटेस्तोवर शिट्टी वाजवत राहील, आणि आपण ‘ये, ये’ ऐकत पंखा खाली सोडत राहू.

“बाई, बोल काहीतरी,” वॉकीटॉकी म्हणाला.

“माणसं बाजूला घे,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. “मी पंखा परत काठावर टेकवतेय.”

“काय? अगं, आता हातभर तर...”

“घे म्हटलं ना बाजूला.”

तिने पंखा आला तसा मागे नेला आणि ओंडक्यांवर उतरवला. टेकला तेव्हा आवाज झाला का, ते तिला समजलं नाही. यंत्र बंद करून ती शिडी उतरू लागली. शिडी फार लांबलचक वाटली.

खाली मुकादम धावतच आला होता. चेहरा लालबुंद. “झालं काय? पट्टा सरकला?”

“मला डाव्या कानाने ऐकू येत नाही,” घारबाई म्हणाली.

मुकादमाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर लटकणाऱ्या रिकाम्या केबिनकडे.

“कधीपासून?”

“कधीपासून ते ठाऊक नाही. मला कळलं परवा.”

“परवा कळलं, आणि आज वर चढलीस?”

तिने मान खाली घातली. इशारेवाला इतका वेळ हातातला वॉकीटॉकी उगाच चोळत होता. तो खाकरला.

“आता शिट्टी कोणीच वाजवली नव्हती,” तो म्हणाला. “पण सकाळी तू मोकळा हूक फिरवत होतीस ना, तेव्हा वॉकीटॉकी अजून माझ्या हातात नव्हता, मी शिट्टीच वाजवली होती. रंगारी आडवा आला होता म्हणून. पलीकडच्या अंगाने. तू थांबली नाहीस. हूक त्याच्या डोक्यावरून गेला. मला वाटलं, तू त्याला बघितलंयस, म्हणूनच गेलीस. तुझी नजर ती...” त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

घारबाई तिथेच ओंडक्यावर बसली. हूक म्हटला तरी लहान मुलाएवढा. रिकामा असला तरी लोखंड ते लोखंडच. तिने तो रंगारी पाहिलाच नव्हता.

मुकादमाने तिला धीरबीर दिला नाही. “घरी जा,” एवढंच म्हणाला आणि लंबूला हाक मारली. लंबू हा दुसऱ्या पाळीचा क्रेनवाला, गेली काही वर्षं तिच्या केबिनवर डोळा ठेवून असलेला. तो तिच्याजवळून जाताना थांबला आणि मग शिडी चढला. घारबाई घरी गेली नाही. पंखा खाली उतरेपर्यंत काठावर उभी राहिली. लंबूने भार फार झुलवला, दोनदा मागे घ्यावा लागला, पण बसवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

कानाची तपासणी एका बंद खोलीत झाली. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी ती भराभर दाबत गेली. डाव्याच्या वेळी इतका वेळ शांतता पसरली की आत बसून तिला वाटलं, डॉक्टरीण बाई चहाला गेल्या की काय. नस कमजोर झालीय, गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. कशाने झालं? गोंगाटाने असेल, आणखी कशाने असेल, छातीठोक सांगता येत नाही. कानाचं यंत्र लावून बघता येईल, थोडा उपयोग होईल. उजवा कान मात्र जपा.

“जपीन,” घारबाई म्हणाली. “आता एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायचीही सोय राहिली नाही.” डॉक्टरीण बाई हसल्या. मास्तर हसला नाही.

केबिन सुटली. पट्टे, साखळ्या, हूक ठेवायच्या कोठारात तिची बदली झाली.

सगळ्यात अवघड गेलं ते लेकीला सांगणं. तिने खेळात नाही, साध्या फोनवर सांगितलं. लेक आधी म्हणाली, “म्हणजे मी इतके दिवस तुझ्यावर उगाच ओरडत होते.” आणि मग तिला पंख्याचं कळलं. त्यावर तिचा आवाजच बदलला. “कळल्यानंतर तू वर गेलीस? आई, कोणी मेलं असतं तर?” घारबाई समजावायला गेली, तर लेकीने फोन ठेवला. पुढे आठवडाभर तिचा फोन नाही, खेळ नाही. मास्तर संध्याकाळी कन्सोल लावायचा आणि आवाज इतका बारीक ठेवायचा की गाड्या जणू चोरपावलांनी पळायच्या. घरात त्या दिवसांत भांड्याला भांडंही लागत नव्हतं.

मग एका संध्याकाळी लेकीचा संदेश आला. माफी नाही, विचारपूस नाही. एवढंच की, कॉम्प्युटर आणि कन्सोल दोन्हीत एक सोय असते, ती चालू केली की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्हीकडे येतो. जुन्या हेडसेटवर नको खेळूस, जड आहे तो. जाऊन नवा घेऊन या.

दोघं पुन्हा त्याच दुकानात गेली. विक्रेतिणीने त्यांना ओळखलं. “आता दुसरे रंग आलेत,” ती म्हणाली.

“रंगाचं काही नाही,” घारबाई म्हणाली. हे वाक्य तिने वाटेत मनाशी घोकलं होतं, तरी अडखळलीच. “मला एकाच कानाने ऐकू येतं. तर... कुठला घ्यावा?”

विक्रेतिणीने हळहळ दाखवली नाही. चष्मा पुसला आणि कामाला लागली. “मग महागाचा नको. त्यातले पैसे सगळे घंटी कुठून आली ते कळण्याचे असतात. तुम्हाला हलका हवा आणि शब्द स्वच्छ ऐकू येतील असा. शिवाय आवाजाला वर मर्यादा घालता येईल असा. एका कानावर माणूस नकळत आवाज वाढवत नेतो.”

यावेळी घंटी नको, माणसाचं बोलणं ऐकवा, असं घारबाईने सांगितलं. एक फार घट्ट होता, एकाच्या गादीत कान तापला, एकाचा माइक असा की तिचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटत होतं. शेवटी एक राखाडी, साधासा निघाला. कापडी गाद्या, खटक्याचा यूएसबी, माइक वर उचलला की बंद. तिने तो घालून बराच वेळ ऐकलं. मास्तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिला. “हाच,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी लेक खेळायला आली. सुरुवातीला दोघी कामापुरतंच बोलत होत्या. डावं-उजवं आता घारबाईला मुळीच कळत नव्हतं. पाऊल वाजायचं, ते डोक्याच्या मधोमध.

“दाराशी आहे,” लेक म्हणाली. “तू हलू नकोस. भिंतीला पाठ लाव. मी सांगेन तेव्हाच वळ.”

“बरं.”

“नक्की थांबशील? मी सांगितल्याशिवाय नाही ना जाणार पुढे?”

हा प्रश्न खेळातला नव्हता, हे दोघींनाही कळलं.

“नाही जाणार,” घारबाई म्हणाली.

पलीकडे लेकीने नाक ओढलं. “वळ आता,” ती म्हणाली.

कोठारात घारबाईचं मन रमायला वेळ लागला. पहिले काही आठवडे ती कोणाशी धड बोलत नसे. वरून तिला माणसं टोप्यांच्या रंगांवरून आणि चालींवरून ओळखू यायची. आता तीच माणसं समोर येऊन उभी राहायची तेव्हा ध्यानात यायचं, अरे, याला मिशी आहे. हा तर केवढा थकलेला दिसतो. एक दिवस एक सडपातळ, मानेवर पांढऱ्या रंगाचे ठिपके उडालेला माणूस साखळी मागायला आला.

“पंखा चढवला त्या सकाळी जहाजाच्या पलीकडे होतास, तो रंगारी तूच ना?” तिने विचारलं.

“हो. का?”

घारबाईने साखळी मांडणीवरून काढून त्याच्या हातात दिली. सगळं बोलणं ओठांवर आलं होतं. तो उभा होता तिच्या डाव्या अंगाला, आणि काहीतरी पुटपुटला ते तिला समजलं नाही.

“जरा इकडून ये,” ती म्हणाली आणि उजवीकडचं स्टूल पुढे ओढलं. “बस. एक गोष्ट सांगायचीय तुला.”